दोनशे कमी

मेहजबीन शिकलगार पेटी टेबलावर ठेवते
आणि म्हणते, बासष्ट टक्क्यांवर मरतंय.
रोज. बासष्टवरच.

उद्यमनगरात तिचं पॅटर्नचं शॉप.
वितळलेलं लोखंड साच्यात कुठून शिरेल,
कुठल्या कोपऱ्यात आधी थिजेल,
हे ती भट्टी पेटायच्या आधी पडद्यावर ओतून बघते.
साच्यात चौदाशे अंश,
आणि हिशेब करणारा सत्त्याण्णववर आडवा.
मला हसू आलं. तिला नाही.

"सगळं डिफॉल्टला आणलं," ती म्हणते,
"मूळ सेटिंग. तरी बी."

आता हिला कसं सांगावं
की याचं मूळच चढवलेलं आहे.
खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापून, वर जास्तीचे पैसे लावून
कारखान्यातूनच टाचा उचलून पाठवलाय गडी.
कुठल्याशा गार खोलीत चार तास पडला नाही,
म्हणून पास.
त्या खोलीत राजारामपुरीतला मे नव्हता,
शेजारच्या ग्राइंडरचा भुसा नव्हता,
जो मी आत्ता पंख्याच्या पात्यांतून ब्रशनं काढतोय.
पिठाहून बारीक. बोटावर चमकतो.

जुनी पेस्ट खडूसारखी सुटली.
नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढी.
मग बायोसात शिरलो.
चार पॉइंट सहा होता, चार पॉइंट चार केला.
आणि व्होल्ट शतांशा-शतांशानं खाली:
एक अडतीस, सदतीस, छत्तीस,
दर पायरीला अर्धा तास राबवून बघायचा, मगच पुढची.
एक पंचवीसला पडदा निळा झाला.
म्हणजे तळ लागला.
तिथून वर यायचं, एक पायरी नव्हे, दोन.
दुसरी पायरी कशासाठी
ते कुठल्याच पुस्तिकेत लिहिलेलं नाही.

माझा बाप गुळव्या होता, वडणग्याकडं, दुसऱ्यांच्या गुऱ्हाळांवर.
त्याच्यापाशी कसला आकडा नव्हता.
पाक पाण्यात टाकायचा, दोन बोटांत गोळी वळायचा,
काहिलीच्या काठावर टिचकी मारून ऐकायचा,
आणि ऐन रंगात यायच्या जरा आधीच ओरडायचा, उतरा!
उतरल्यावर बी काहिल शिजवतीच की, म्हणायचा.

चार आदणं निघायची दिवसाला.
एका दिवाळीच्या तोंडावर मालकाला पाच हवी झाली.
जळव्यानं चुलवाणात चिपाडं कोंबली,
धुराडं रात्रभर लाल.
पाचवं निघालं डांबरासारखं. मार्केट यार्डात बोली लागली नाही.
बापाला मजुरी मिळाली तिघा आदणांची,
कारण मालकानं चौथंही त्यातच धरलं.
ढेप फोडून त्यानं एक काळा खडा मला दिला होता.
कडू नव्हता तसा.
जळकट गोड. अजून जिभेला आठवतो.

साडेनऊ. खालचा भडंगवाला गाडी झाकतोय.
पंखा आता कण्हत नाही, नुसता श्वास घेतोय.
एक्काहत्तर. त्र्याहत्तर. परत बहात्तर.
पडद्यावर लोखंड व्हॉल्व्हच्या गळ्यातून हळूहळू चढतंय,
पिवळं, नारिंगी, कडेला जांभळं.

"किती स्लो झालं?" ती विचारते.
पाच तासांमागं तेरा मिनिटं, मी म्हणतो.
ती मनात काहीतरी गुणते, भागते.
एकसष्ट.
माझा स्क्रू ड्रायव्हर हातात, उगीच.
बासष्ट.
बासष्टच.
अजून बासष्ट.
त्रेसष्ट.

ती काही बोलली नाही. खुर्ची ओढली,
घरी फोन लावला, जेवून घ्या म्हणाली.
मी पावतीपुस्तक काढलं:
साफसफाई, पेस्ट,
आणि तिसऱ्या ओळीत, दोनशे मेगाहर्ट्झ कमी केले.

तिनं खांद्यावरून वाचलं.
"आन् कमी केल्याचं बी पैसं घेतोस व्हय रं?"